बाईसाहेबांचा डबा
आज सुट्टी, त्यामुळे आमच्या मांजरीचा, म्हणजे बाईसाहेबांचा, लिटर बॉक्स (शी-शूचा मातीचा डबा) पूर्ण रिकामा करून घासायचा कार्यक्रम उरकला. रोज स्कूपने गोळे काढतेच, पण तळाशी जे चिकटून बसतं ना ते खरवडताना नाकात जो झणका जातो तो अमोनियाचा, म्हणूनच ब्लीच वापरायचं नाही म्हणजे नाहीच, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो. बिनवासाचा साबण, गरम पाणी, बास. लिंबाच्या वासाचं काहीतरी आणू असं घरात सुचवण्यात आलं, पण बहुतेक मांजरांना तो वास खपत नाही, मग बाईसाहेब डबा सोडून थेट गादीवर, बसा धुवत!

लोकांना किळस वाटते पण गोळे बघायची सवय खरंच चांगली. बेंटोनाइटची माती असली की लघवीचा घट्ट गोळा होतो, तो एकदम मोठा नाहीतर बारीक व्हायला लागला की डॉक्टरला दाखवायचं. आणि बोका डब्यात बसून नुसता कुंथतोय, थेंबही नाही, तर सकाळची वाट न बघता उचलून न्यायचं, जिवावर बेतू शकतं. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं, टॉक्सोप्लाझ्मा (गर्भाला धोकादायक ठरू शकणारा परजीवी) मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर साधारण १ ते ५ दिवसांनी संसर्गजन्य होतो, म्हणून तर रोज साफ करायचं.

असो. नवीन लिटर ओतलं, चांगलं ५-७ सेंमी, हात धुवून वळते तोच महाराणी आत, आणि उकरून उकरून अर्धी माती बाहेर 😭 झाडू कुठे ठेवलाय कुणी?