तुम्ही विचारलंत म्हणून: टीपॉयचा टॉप मधोमध का तडकतो?

"टीपॉय छान झाला, पॉलिशही चढलं, आणि चार-सहा महिन्यांत टॉपला चीर पडली. लाकूड ओलं होतं का?" हौसेने सुतारकाम करणारे हा प्रश्न सारखा विचारतात. लाकूड ओलं असेलही. पण बहुतेक वेळा टॉप फ्रेमला जखडून टाकलेला असतो, आणि चीर त्यामुळेच पडते.

फळी दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आक्रसते. हे सगळं रुंदीत होतं, लांबीत जवळपास नाहीच. सागवान तसं शांत लाकूड. तरी ६०० मिमी रुंदीच्या सागवानी टॉपमधली ओल १२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आली, तर तो चार-साडेचार मिमी आत येऊ शकतो. टॉपखालच्या फ्रेमची आडवी पट्टी मात्र तेवढीच राहते, कारण तिच्या रेषा, म्हणजे लाकडाचे धागे, टॉपच्या रेषांना काटकोनात असतात. दोघांमध्ये ग्लू भरून वर घट्ट स्क्रू मारले, की टॉप आक्रसू पाहतो आणि पट्टी त्याला सोडत नाही. रेषांना आडवा ताण बसला की लाकूड सगळ्यात दुबळं असतं. चीर बहुधा टोकाकडून सुरू होते, कारण टोकाच्या कापातून ओल सगळ्यात झपाट्याने जाते. टॉपसाठी ग्लूने जोडलेल्या फळ्यांचा सांधा शाबूत आहे आणि चीर त्याच्या शेजारून गेली आहे, असं दिसलं तर ग्लूला बोल लावू नका. तो लाकडापेक्षा पक्का निघाला.

टॉप धरायला माझ्या मते लाकडी गुटक्यांसारखं दुसरं काही नाही: गुटका टॉपला खालून स्क्रूने बसतो आणि त्याची जीभ फ्रेमच्या पट्टीतल्या खाचेत अडकते. २० मिमी जाडीच्या पट्टीला आतल्या बाजूने, वरच्या कडेपासून १० मिमी खाली, ८ मिमी रुंद आणि १० मिमी खोल खाच काढा. गुटका साधारण ४० मिमी लांब, ३० रुंद, २० जाड. त्याच्या एका टोकाला खाचेत शिरणारी जीभ ठेवा. लाकडाच्या रेषा जिभेच्या लांबीत धावल्या पाहिजेत. आडव्या असतील तर स्क्रू आवळताना जीभ तुटून हातात येते. जिभेच्या वरचा खांदा, म्हणजे जिभेपासून गुटक्याच्या वरच्या बाजूपर्यंतची पायरी, १० ऐवजी साडेनऊ मिमी ठेवा. मग गुटका आणि टॉप यांच्यात अर्ध्या मिमीची फट राहते आणि स्क्रू आवळला की टॉप खाली ओढला जातो. २२ मिमी टॉपला गुटक्यातून वर जाणारा ३२ मिमीचा स्क्रू पुरतो, आधी बारीक भोक पाडून.

लांब बाजूंना जीभ खाचेत ७ मिमी शिरवा, ३ मिमी जागा मोकळी सोडा. आखूड बाजूंना गुटका खाचेतून आडवा सरकतो, तिथे वेगळी काळजी नको. फक्त त्या पट्ट्यांच्या बरोबर मध्यावर एकेक स्क्रू पक्का मारा, म्हणजे टॉपची हालचाल दोन्हीकडे सारखी वाटली जाते. गुटके नको असतील तर पट्टीत लांबट भोकं करा: शेजारी-शेजारी दोन भोकं पाडून मधला भाग पटाशीने मोकळा करायचा. लांबी टॉपच्या रेषांना आडवी हवी. ती उलट दिशेने केली तर भोक असून नसल्यासारखंच.

टॉप वाकडा होण्याचं कारण वेगळं. रंधा मारलेली फळी रात्रभर बाकावर सपाट पडून राहिली की वरची बाजू हवा खाते, खालची नाही, आणि सकाळी फळी पन्हाळीसारखी दिसते. खाली एकसारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवा, हवा दोन्हीकडून खेळू द्या. पॉलिशचंही तसंच. वर तीन हात दिलेत तर खालीही तीनच. खालचं कुणाला दिसतंय म्हणून तो भाग कोरडा सोडणं ही नवशिक्यांची सगळ्यात महागात पडणारी काटकसर.

चीर आधीच पडली असेल तर पुट्टी भरायची घाई करू नका. कोरड्या दिवसांत भरलेली पुट्टी दमट दिवसांत टॉप फुगला की चेपते, बाहेर येते. नाहीतर तीच पाचर होऊन शेजारचं लाकूड फोडते. आधी सगळे स्क्रू सोडा. टॉप ग्लूने चिकटवला असेल तर पातळ करवतीने तो जोड कापावा लागेल. मोकळा टॉप काही आठवडे तसाच राहू द्या. पुष्कळदा चीर केसाएवढी उरते. तेवढ्यात ग्लू जिरवून क्लॅम्प लावा, दुसऱ्या दिवसापर्यंत काढू नका, आणि मग टॉप गुटक्यांवर बसवा.