लॉस एंजेलिस ते ऑकलंड, व्हाया संकष्टी

पार्ल्यात आमचं तिकिटांचं ऑफिस आहे. हल्ली गिऱ्हाईक सगळं मोबाईलवर बघून ठेवतं आणि आमच्याकडे फक्त भांडायला येतं. मे महिन्यात एक काकू भाच्याला घेऊन आल्या. मुलगी लॉस एंजेलिसला, मुलगा ऑकलंडला. लेकीकडचा मुक्काम संपवून थेट लेकाकडे जायचं होतं. मी काढलेल्या विमानाची वेळ अशी: 13 जुलैला रात्री दहाला निघायचं, 15 ला सकाळी सहाला उतरायचं.

भाचा इंजिनीअर. "बत्तीस तास बसवणार मावशीला?" मग अंतर शोधलं, साधारण साडेदहा हजार किलोमीटर, त्याला नऊशेने भागलं. "साडेअकरा तास येतात! खरं काय ते सांगा."

खरे तेरा. छापलेला वेळ गेट सोडल्यापासून पुन्हा गेटला लागेपर्यंतचा असतो, शिवाय जाताना वरचे वारे बऱ्याच वाटेत समोरून असतात; परतीला तेच अंतर बाराच्या आसपास कापलं जातं. उरलेले 19 तास हा घड्याळांतला फरक. तोही वर्षभर सारखा नाही: दोन्हीकडचे उन्हाळे उलटे, त्यामुळे जानेवारीत 21 होतो.

काकूंचं लक्षच नव्हतं. त्यांनी पर्समधून कालनिर्णयचं पान काढलं. "अरे, 14 ला संकष्टी आहे. ती कुठे गेली?"

वाटेत वाररेषा लागते, तिथे तारीख एक घर पुढे उडी मारते. प्रवाशांच्या छापील वेळापत्रकात मी पेन्सिलीने तिसरा रकाना आखतो, मुंबईच्या वेळेचा. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे कधी सुचत नाही, रंग बदलायला मात्र दरवर्षी सुचतं. त्या रकान्यात उत्तर होतं: विमान उडतं 14 ला सकाळी साडेदहाला, उतरतं 14 लाच रात्री साडेअकराला. अख्खी संकष्टी हवेत!

काकू खूश. जेवणाला मी एफपीएमएल टाकलं, म्हणजे नुसती फळं. उपासाचा वेगळा कोड नाही. आणि 'हिंदू मील' म्हणजे शाकाहारी असं धरून चालणाऱ्यांना चिकन मिळू शकतं, हे कोणी आधी विचारतच नाही. सीट डावीकडच्या खिडकीची दिली, कारण विमान नैऋत्येला जातं आणि वद्य चतुर्थीचा चंद्र मागे डावीकडून वर येतो.

तिथेच गोची झाली. तिकडे चंद्र उड्डाणाच्या सुमारासच उगवणार. मुंबईचा चंद्रोदय रात्री दहाच्या आसपास, म्हणजे उतरायच्या दीडेक तास आधी. उपास कुठल्या चंद्रावर सोडायचा? गुरुजींना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, आपण असू तिथला चंद्र धरायचा. काकू उखडल्याच. "म्हणजे पट्टा बांधायचा आणि लगेच सोडायचा? मग उपास केला कधी?"

गुरुजींकडे याला उत्तर नव्हतं, माझ्याकडे अजून नाही. तिथी तर जगभर एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. चंद्र मात्र ज्याच्या त्याच्या गावाच्या वेळेला उगवतो. त्या तेरा तासांत काकूंचं गाव कुठलं धरायचं?

काकू सुखरूप पोचल्या. उपास कधी सोडला ते सांगितलं नाही. भाच्याने आम्हाला चार तारे दिले, एक कापला. कारण: "साधा वेळ सांगायला फार वेळ लावतात."