केसपेपरवरची खोडलेली ओळ

मे महिन्यातील एका सकाळी आमच्या दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत दोन सख्ख्या बहिणी आल्या. धाकटी ३३ वर्षांची, अंगणवाडी सेविका. वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडली आहे आणि खालच्या दाढा हलतात, अशी तिची तक्रार होती. थोरली सोबतीला आली होती. बाहेर रांग मोठी होती. मी दाढ बोटाने हलवून पाहिली, केसपेपरवर ‘तोंडाची स्वच्छता असमाधानकारक’ असे लिहिले आणि लिहिता लिहिताच, या वयात अशी अवस्था होते म्हणजे घासण्याकडे लक्ष नाही, असे तिला सुनावले. ती गप्प राहिली. बोलली ती थोरली.

“मॅडम, ती दोन टायमाला घासती. मी तीस वर्सं मशेरी लावतीया. आता माझं दात बघा की.”

मी पाहिले. थोरलीचे दात मशेरीने काळे पडले होते, त्यांवर कीटण साचले होते आणि हिरड्या जागोजागी खाली सरकल्या होत्या. परंतु हिरडी आणि दात यांच्यामधील फट मोजली, तेव्हा ती कोठेही ४ मिलिमीटरच्या पुढे गेली नाही आणि एकही दात हलत नव्हता. धाकटीच्या दातांवर मात्र कीटण जवळजवळ नव्हतेच, तरीही पहिल्या दाढांपाशी मोजपट्टी ८ आणि ९ मिलिमीटरपर्यंत आत गेली. निरोगी हिरडीत ही खोली ३ मिलिमीटरपर्यंत असते. एक्स-रेमध्ये पुढच्या दातांचे आणि पहिल्या दाढांचे हाड खचलेले होते, तर मधल्या दातांचे बहुतांशी शाबूत होते. कमी वयात सुरू होणाऱ्या आणि घराण्यात आढळणाऱ्या पायोरियाचा हा ठरावीक नमुना आहे. मी रुग्णाला तपासण्याआधीच दोषी ठरवले होते.

हे मला ठाऊक नव्हते, असेही म्हणता येत नाही. दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रीलंकेतील चहामळ्यांवरील ४८० पुरुष मजुरांचा १९७० पासून पंधरा वर्षे पाठपुरावा केला होता. दात घासण्याची सवय किंवा उपचार यांपैकी काहीच नसलेल्या त्या मजुरांपैकी सुमारे ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्के लोकांचा हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. हा अभ्यास मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. थोरलीला त्या ११ टक्क्यांत बसवण्याचा मोह मला झाला; पण तिच्या ओठाच्या आतील बाजूस, मशेरी ठेवण्याच्या जागी, पांढरा चट्टा दिसला आणि तो मोह तिथेच संपला. तिला चट्ट्याच्या तपासणीसाठी शेजारच्या विभागात पाठवले.

मग घरची चौकशी केली. आईचे दात पस्तिशीच्या आतच पडले होते. बाळंतपणांमुळे गेले, अशी घरात समजूत होती. धाकटीची १३ वर्षांची मुलगी सुट्टी असल्याने बरोबर आली होती आणि बाहेरच्या बाकावर मोबाइल पाहत बसली होती. तिला काहीच त्रास नव्हता. तरीही मी तिला आत बोलावले.

धाकटीचे लग्न आत्याच्या मुलाशी झाले आहे हे कळल्यावर मी आधी मुलीचे तळहात आणि तळपाय पाहिले. पॅपियाँ-लफेव्हर या दुर्मीळ विकारात, कॅथेप्सिन-सी या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाची सदोष प्रत आई आणि वडील या दोघांकडूनही आल्यास, तळव्यांची कातडी जाड व खरखरीत होते आणि दुधाचे दातही वेळेआधी गळतात. मुलीचे तळवे मऊ होते, दुधाचे दात वेळेवर पडले होते. म्हणजे एका जनुकावर बोट ठेवावे असे हे प्रकरण नव्हते. नेहमीच्या पायोरियात अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, प्रौढ जुळ्यांच्या ११७ जोड्यांच्या अमेरिकेतील अभ्यासात आजाराच्या तीव्रतेतील फरकापैकी सुमारे निम्मा फरक आनुवंशिकतेने आल्याचे दिसले. हिरड्यांच्या नुसत्या सुजेत मात्र धूम्रपान आणि दातांची निगा यांचा हिशेब धरल्यावर आनुवंशिकतेचा पुरावा उरला नाही.

मुलीच्या खालच्या दोन्ही पहिल्या दाढांपाशी मोजपट्टी ५ मिलिमीटर आत गेली. एक्स-रेत दाढेलगतचे हाड कमानीसारखे झिजू लागलेले दिसत होते.

“म्हणजे माझ्यामुळंच ना?” धाकटीने विचारले. या प्रश्नाला मी सावधपणे उत्तर दिले. घरात पिढ्यान्‌पिढ्या दिसणारी प्रत्येक गोष्ट रक्तातूनच येते असे नाही. या आजाराशी जोडलेले जंतू आईच्या लाळेतून, एकाच चमच्यातून मुलांपर्यंत पोहोचू शकतात. जनुके बदलता येत नाहीत, जंतूंचा भार कमी करता येतो. त्यासाठी तुम्हा मायलेकी दोघींवरही एकदमच उपचार करायचे, असे मी तिला सांगितले.

दोघींच्या हिरड्यांखालची सफाई केली, ॲमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल ही प्रतिजैविके एकत्र दिली. धाकटीच्या दोन दाढा काढाव्याच लागल्या. तीन महिन्यांनी मुलीच्या दाढांपाशी खोली ३ मिलिमीटरवर आली. केसपेपरवरची ती ओळ मी पहिल्याच दिवशी खोडून खाली सही केली होती. धाकटीने ते पाहिले, पण ती त्याविषयी काही बोलली नाही. थोरलीची मशेरी अजून सुटलेली नाही. प्रत्येक खेपेला ती पुढच्या अमावस्येचा वायदा करते.