वर्गणीतलं भूत

अंबाजोगाईत आमच्या मंडळाचा गणपती बसला की सातव्या रात्री व्हिडिओ लागायचा. १९८० च्या दशकातली शेवटची वर्षं. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, रात्रभराच्या भाड्यानं. पहिली कॅसेट देवाधर्माची, दुसरी मारामारीची आणि रात्री एकच्या पुढं तिसरी, भुताची. आम्ही पोरं पहिल्या दोन सिनेमांत पोत्यावरच झोपून घ्यायचो. "भुताचा लागला की उठव बरं का," असं धाकट्या काकाला आधीच बजावून ठेवलेलं असायचं.

तिसरी कॅसेट बहुतेक वेळा रामसे बंधूंची, म्हणजे कमी पैशांत हिंदी भुताचे सिनेमे काढणाऱ्या भावांची. 'पुराना मंदिर' (१९८४) तर मी लागोपाठ तीन गणपतींना पाहिला. कॅसेट हजार हात फिरून आलेली. भीतीचा भाग जो तो मागं घेऊन परत परत बघायचा, म्हणून टेप नेमकी तिथंच घासलेली. पडद्यावर खालून पांढऱ्या रेघा चढायला लागल्या की पुढं बसलेली पोरं ओरडायची, "रेघा आल्या, आता सामरी यायलाय!" आणि खरंच सामरी, म्हणजे त्या सिनेमातला सैतान, यायचा. भूत येणार हे रेघांनी आधीच सांगितलेलं, तरी पोटात गोळा यायचाच. मध्ये जगदीपची 'शोले'ची नक्कल सुरू झाली की मोठी माणसं चहाला उठायची. चित्र फारच खराब झालं तर काका व्हीसीआर उघडून कोऱ्या नोटेनं हेड पुसायचा. तेवढा वेळ सगळा मांडव अंधारात गप्प बसलेला असायचा, आणि ती शांतता मला सिनेमापेक्षा जास्त भिववायची.

असे कमी पैशांतले भुताचे सिनेमे मला का आवडतात, याचं उत्तर मात्र व्हिडिओच्या रात्रीत नाही, आमच्या देखाव्यात आहे.

एका वर्षी मंडळानं भुताचा देखावा करायचा ठरवला. वर्गणी जेमतेम. फळांच्या खोक्यांच्या फळ्या काढून पेटी केली, लाल बल्बसाठी जिलेटीनचा कागद आणला, केसांना काथ्या. पेटीत झोपायला गल्लीतला सगळ्यात उंच दादा. रक्ताचं काय करावं सुचेना, तेव्हा कुणाच्या तरी आईनं काकवीत कुंकू कालवून दिलं. रंग असा गडद जमला की आम्हीच दचकलो. संध्याकाळी बायकांची रांग लागली आणि त्याच वेळी काकवीच्या वासानं मुंग्या आल्या. मी पेटीच्या उशाला बॅटरी धरून उभा होतो. दादाच्या कानामागून मुंग्यांची ओळ गळ्यापर्यंत उतरताना मला दिसत होती. त्याच्या पापण्या थरथरत होत्या, पण रांग संपेपर्यंत त्यानं बोटसुद्धा हलवलं नाही. शेवटच्या म्हातारीसमोर ठरल्याप्रमाणं डोळे उघडले, तेव्हा ती किंचाळली, "अय माय, जित्तं हाय की वो हे!" त्या रात्री दादाच्या गळ्याला खोबरेल लावताना त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि दादा मात्र हसत होता.

पुढं कितीतरी वर्षांनी मी अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) या चालत्या प्रेतांच्या सिनेमाविषयी वाचलं. रोमेरो आणि त्याचे सोबती म्हणजे पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करणारी मंडळी. सुरुवातीला दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर काढले, म्हणजे सरळ वर्गणीच! एकूण खर्च साधारण १,१४,००० डॉलर. सिनेमा कृष्णधवल, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेटचं सरबत. ते वाचलं आणि मला काकवीचा वास आला. रामसेंचंही तसंच होतं. वडिलांचं कराचीत रेडिओचं दुकान, फाळणीनंतर मुंबई. सात भावांनी कामं वाटून घेतलेली: दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचं, कॅमेरा गंगूकडे, आवाज किरणकडे, संकलन अर्जुनकडे. हे घरचं कार्यच झालं की!

म्हणून वटवाघळाची दोरी दिसली, मुखवट्याची कड सुटलेली दिसली, तर माझा रसभंग होत नाही. त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी रात्रभर हात वर धरून उभं आहे, हे मला दिसतं. सगळेच असे सिनेमे मला चालतात असं नाही. करणाऱ्यालाच उरकायची घाई झालेली दिसली की मी दहाव्या मिनिटाला बंद करतो.

आता आम्ही पुणे, लातूर, संभाजीनगर असे पांगलोय. तरी सातव्या रात्रीला जमतो. गच्चीवर पांढरी चादर, प्रोजेक्टर, भाजलेल्या शेंगा आणि कमी पैशांत केलेला एक भुताचा सिनेमा. गेल्या गणपतीत 'वन कट ऑफ द डेड' (२०१७) लावला. जपानी सिनेमा, खर्च अवघा ३० लाख येन. सुरुवातीची ३७ मिनिटं एकच सलग शॉट, आणि तो इतका अडखळत चालतो की आमच्या घरातली कॉलेजची पोरं कंटाळली. "काका, काय हे, किती खोटं दिसायलंय," म्हणून दोघं खाली निघालीसुद्धा. मी त्यांना हाताला धरून बसवलं. कारण पुढं तोच शॉट पडद्यामागून दिसतो: कोण कुठं धडपडलं, कुणी काय सावरलं, कुठली चूक कशी झाकली. शेवटी उंचावरून शॉट घ्यायला क्रेन उरत नाही, तेव्हा सगळे मिळून माणसांवर माणसं चढवून थर लावतात.

दादा आता साठीला आलाय. शेंगा खायच्या थांबवून तो खुर्चीच्या कडेला आला होता. थर लागायला लागला तशी बोटं मोजत म्हणाला, "खाली चौघं पाहिजेत. आपल्याकडं तिघंच हायत." मग मघाशी निघालेल्या त्या दोन पोरांकडं वळून बघितलं, "नाही, हायत. लाव परत, ते थराचं लाव."