तात्यांचं रीळ, भाग ४: आवाज सापडला

सापडला! ज्यांच्या शेजारी बसून मी मासे धरले त्या तात्यांच्या मासेमारीच्या रिळातला खर्र खर्र आवाज. साडेतीन महिने डोकं खाल्लं, दोनदा पार्ट मागवले, काकूंकडून आणलेली पेटी शंभर वेळा उलटीपालटी केली, तेव्हा कुठे सापडला. आधीच सांगतो, गियर नव्हता. आधीचे भाग वाचून 'मेन गियर बदल' असं ज्यांनी छातीठोकपणे सांगितलं त्यांच्याकडे माझा एकेक चहा लागू.

रीळ तेच, अँबॅसॅडर ६०००. फूटखाली (रीळ रॉडला ज्यावर बसतं तो पाय) ७८०५०० हा शिक्का, म्हणजे १९७८ चा मे, स्वीडन. बॉल बेअरिंग नाहीत, पितळी बुश. तात्यांना ते जहाजावरच्या आतेभावाने आणून दिलेलं. श्रावणात तात्या गेले. तेराव्याला काकूंनी पेटी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "घेऊन जा बाबा. इथे गंजली तर स्वप्नात येऊन मला ओरडतील."

घरी आणून पहिलं काम काय केलं, तर पूर्ण सर्व्हिस. तात्यांच्या हातात हे रीळ कधी कुरकुरलेलं मी ऐकलं नव्हतं. माझ्या सर्व्हिसनंतर मात्र खर्र खर्र. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता, पण आपण स्वतःच्या हाताला दोष शेवटी देतो.

लक्षणं अशी. कास्टिंग कंट्रोलची टोपी (स्पूल, म्हणजे दोऱ्याची फिरकी, किती मोकळी फिरावी ते ठरवणारी) आवळली की आवाज. सैल केली की आवाज गायब, पण मग फेकल्यावर स्पूल सुसाट आणि ब्रेडचं (विणलेल्या दोऱ्याचं) असं घरटं की त्यात कावळ्याने अंडी घालावीत. म्हणजे एक तर आवाज घ्या, नाही तर गुंता घ्या. मी मधली जागा शोधत बसलो. टोपी पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. ब्रेकचे ठोकळे बदलले. तेल आधी पातळ घातलं, मग जाड. (शिलाई मशीनचं तेल बुशला उत्तम, गियरला मरीन ग्रीस, आणि कुठल्याही गंज काढायच्या स्प्रेला वंगण समजू नका. यावर माझ्याशी वाद घालायचा असेल तर समोर या.)

मग गियर मागवला. परदेशातला विक्रेता, नाव घेत नाही. पहिल्यांदा दुसऱ्याच मॉडेलचा गियर आला. दुसऱ्यांदा बरोबर आला, पण पोस्टेज आणि कस्टम मिळून गियरच्या दुप्पट. बसवला. खर्र खर्र.

यात माझा गाढवपणा असा, की मी आवाज मोजलाच नव्हता. मेन गियरचा दात तुटका असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात आवाज एकदा येणार. स्पूल घासत असेल तर तो एका फेऱ्यात चार-पाच वेळा फिरतो, म्हणजे आवाजही तितक्या वेळा. गेल्या रविवारी दुपारी पंखा बंद करून, डोळे मिटून मोजलं. चार, आणि पाचवा अर्धवट. गियर सुटला, स्पूल अडकला.

वर्तमानपत्राची बारीक पट्टी कापली आणि स्पूलची कड आणि फ्रेमची कडी यांच्यामधून गोल फिरवली. सगळीकडून सुळकन गेली. टोपीच्या विरुद्ध बाजूला, खाली फूटजवळ, अडकली. भिंगातून बघितलं तर कडी तिथे किंचित आत दबलेली, आणि बाहेरून धातूवर एक टवका. टोपी आवळली की स्पूल त्याच बाजूला ढकलला जातो आणि घासतो. इतकं सरळ.

आता प्रश्न असा की कडी दबलेली होती तर तात्यांकडे आवाज का येत नव्हता?

काड्यापेटी आठवते का? भाग १ मध्ये लिहिलं होतं की त्या बाजूला, स्पूलचा दांडा आत जिथे टेकतो तिथे, तांब्याच्या चकतीखाली एक जास्तीची पितळी चकती निघाली. कंपनीच्या आकृतीत एकच दाखवलेली. मी शहाणपणाने लिहिलं होतं, 'कुणीतरी घुसवलेली दिसते, काढून टाकली'. नशिबाने टाकली नव्हती. काड्यापेटीत होती, जुन्या सर्कलिपच्या सोबतीला.

मायक्रोमीटरवर ०.२२ मिमी भरली. कड कानशीने घासून इतकी गोल केलेली की नाणं वाटावं. 'कुणीतरी' म्हणे! एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य काढलेला फिटर, दुसरं कोण असणार? परत बसवली. टोपी आवळली, हँडल फिरवलं. काही नाही. नुसता तेलाचा मऊ आवाज. पाऊण तास मी ते हँडल फिरवत बसलो होतो, बायको दोनदा डोकावून गेली.

पेटीत तात्यांच्या वह्याही आहेत. तारखेऐवजी तिथी, पाण्याची वेळ, जागा, मासा, आमिष. भरतीची वेळ ते ॲपवर कधी बघायचे नाहीत. तिथीची पाऊणपट इतके वाजता मुंबईची भरती, आणि मुंबईपेक्षा आपल्याकडे रत्नागिरीत पाणी आधी चढतं म्हणून त्यातून पाऊण तास वजा. संपलं. ॲप उघडेपर्यंत त्यांचं गणित झालेलं असायचं. त्या वह्यांत पत्रीची, म्हणजे त्या पितळी चकतीची, नोंद शोधली. २०१६ च्या वहीत मिळाली, अश्विनात. 'रिळाला पत्री घातली. ठीक.' बस, एवढंच. त्याच्या वरची ओळ दोन दिवस आधीची: 'मिऱ्या. शेंगटी ३, गोबरा १ लहान. बरोबर पोरगा.'

पोरगा म्हणजे मी. तेव्हा चाळिशीला टेकलो होतो.

तो दिवस मला चांगला आठवतो. मिऱ्याच्या कातळावर मी हौसेने त्यांचं रीळ मागून घेतलं, दोन कास्ट बरे गेले, तिसऱ्याला शेवाळावरून पाय सटकला. मी हातावर सावरलो, रॉड सुटला आणि रीळ कातळावर आपटलं. तात्या मागे पाठमोरे बसून शेंगटीच्या तोंडातली गरी काढत होते. तिचा काटा लागू नये म्हणून पायाखाली दाबून. "काय झालं रे?" "काही नाही, घसरलो." "लागलं नाही ना?" मी नाही म्हटलं. टवका अंगठ्याने पुसून बघितला, फिरवलं तर फिरत होतं, परत दिलं. पुन्हा विषय नाही. आठ वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसून मासे धरले, ते रीळ आमच्या दोघांच्या मध्ये असायचं, आणि मला वाटत होतं की त्यांना ठाऊक नाही.

असो. पुढचा बेत. मिरजोळे एमआयडीसीत एक लेथवाला आहे, त्याच्याकडून कडी सरळ करून घ्यायची आणि पत्री काढून आकृतीप्रमाणे बसवायचं, असं ठरवलं होतं. शिवाय जुनी फ्रेमही बघून ठेवली होती. हे लिहिता लिहिता दोन्ही रद्द करतोय. कडी राहू दे तशीच. फ्रेमचे पैसे वाचले, त्यात गरीजवळ लावायचा नवा फ्लोरो दोरा येईल. पत्रीची मात्र एक जोडी करून ठेवणार. मूळची हरवली तर पुन्हा साडेतीन महिने घालवायची ताकद नाही. पितळी पत्रा आणलाय, पहिले दोन प्रयत्न अंडाकृती झालेत. कानशीने गोल घासणं हे दिसतं तितकं सोपं नाही.

ड्रॅगचे (मासा ओढेल तेव्हा दोरा धरून सोडणाऱ्या ब्रेकचे) वॉशर कार्बनचे टाकायचे होते, तो विचारही बदलतोय. आत तात्यांनी चामड्याचे कापून घातलेत, बहुतेक जुन्या चपलेचे. कार्बन चांगला हे मान्य, पण परवा वजनकाट्यावर ओढून बघितलं तर अडीच किलोला न अडखळता सुटलं. तांबोशीला एवढं पुरतं. नाही पुरलं तर बघू.

आणि हो, पहिली फेरी झाली. बुधवारी संध्याकाळी भाट्याच्या पुलाखाली, सुकती लागायच्या वेळेला. जिवंत कोलंबी, गरी डोक्याच्या काट्याखालून, तो काळा ठिपका चुकवून. चौथ्या फेकीला खांबाजवळ धाडकन ओढ. तांबोशीची सवय माहीत आहे, पहिल्या दोन सेकंदांत खांबाच्या मागे गेली की लीडर (गरीजवळचा दोरा) गेलाच. मी घाईने ड्रॅगचा स्टार आवळायला गेलो आणि तात्यांचं वाक्य कानात आलं, "घाई कसली रे? मासा काय एसटी आहे सुटायला?" त्या गोंधळात आवळायचं राहिलं, पण चामड्याने धरलं. सव्वा किलो. काकूंकडे नेऊन दिली. त्यांनी पिशवीत बघून विचारलं, "वाजतं का अजून?" म्हणजे माझी रडगाणी त्यांच्यापर्यंत पोचली होती तर. नाही म्हटलं.

रिळाचं कातळावर पडणं त्यांना सांगावं का, हे जिना उतरेपर्यंत ठरलं नाही. पुन्हा वर गेलो आणि सांगितलं. "ठाऊक आहे," म्हणाल्या, "दोन दिवस ती पत्री घासत बसले होते, जेवायला उठेनात," आणि खवले काढायला सुरी मागितली.

शनिवारी दशमी. दहाची पाऊणपट साडेसात, पाऊण तास वजा, पावणेसातला भरती. भांगाचं पाणी, ओढ कमी, खांबाजवळ आमिष टिकेल. मी साडेपाचला पुलाखाली असेन, कोलंबी मी आणतो. चहा तुमच्याकडे, गियरवाले.