धण्यांच्या वासाचं गवत

आई पहिल्यांदा शिकागोला आली तेव्हा तिने पुढच्या दारातलं वाफ्याएवढं अंगण बघितलं आणि विचारलं, "हे गवत उपटायचं राहिलंय का गं?"

राहिलं नव्हतं. विकत आणून लावलं होतं. एका कुंडीला 12 डॉलर, अशा नऊ कुंड्या. आकडा तिला सांगितला ही माझी चूक. जिचं लहानपण माण तालुक्यातल्या माळावर गुरांमागे गेलं, तिला गवताची किंमत सांगू नये. पुढचे चार दिवस भारतातून ज्याचा फोन आला त्याला ही बातमी पोचली.

गवताचं नाव प्रेअरी ड्रॉपसीड. प्रेअरी म्हणजे गवताळ माळ, ड्रॉपसीड म्हणजे बी गाळणारं. इथलं मूळचं. दोऱ्यासारखी बारीक पाती एका ठोंबातून निघतात आणि चहूबाजूंना कारंज्यासारखी वळून खाली येतात. उंची जेमतेम गुडघ्याइतकी. बी पिकलं की टपकन गळतं, म्हणून हे नाव. मी दोनदा बी धरून ठेवायला गेले, दोन्ही वेळा पक्षी आणि जमीन माझ्या आधी पोचले.

पण हे सगळं फार पुढचं. पहिल्या वर्षी मी रोज पाणी घातलं, वर खतही दिलं. आपल्याकडच्या तुळशीला, मोगऱ्याला जे लाड चालतात ते यालाही चालतील असं वाटलं. पाती लांब, लुळी झाली आणि पहिल्या जोराच्या पावसात आडवी पडली. रोपवाटिकेतल्या बाई हसल्या. त्यांच्याकडे म्हणतात, अशी झाडं पहिल्या वर्षी झोपतात, दुसऱ्या वर्षी रांगतात, तिसऱ्या वर्षी उड्या मारतात. "मुळं धरेपर्यंत पाणी घाल, पुढे ऊन मिळू दे, आणि मग लक्ष देऊ नकोस." लक्ष न देणं हे किती अवघड काम आहे ते मला तेव्हा कळलं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी बाहेर जायचे आणि हात मागे बांधून उभी राहायचे.

मध्ये पालिकेचं पत्रही आलं, अंगणातलं गवत वाढलंय म्हणून. कुणीतरी कळवलं असणार. मी गवताच्या नावाची छोटी पाटी रोवली. पाटी लागली की रानाची बाग होते, हे इथे शिकले.

गंमत अशी, की शिकागो ज्यात आहे त्या इलिनॉय राज्याला सगळे 'प्रेअरी स्टेट' म्हणतात. एके काळी इथे सुमारे 2 कोटी 20 लाख एकर असा माळ होता. 1837 साली याच राज्यात जॉन डीअर नावाच्या लोहाराने पोलादी नांगर केला. बिडाच्या नांगराला चिकटून बसणारी काळी चिकण माती त्यावरून घसरायला लागली, आणि पुढच्या काही दशकांत माळाचं शेत झालं. आता जुन्या, अस्सल माळाचा एक टक्क्याचा दहावा हिस्साही उरलेला नाही. उरला तो जुन्या दफनभूमीत आणि रुळांच्या कडेला, जिथे नांगर गेला नाही तिथे. उलट आपलं साधं मारवेल गवत टेक्सासात चारा म्हणून आलं आणि आता तिथे ते डोकेदुखी झालंय. हे आईला सांगितल्यावर तिला का कोण जाणे, अभिमान वाटला.

ती दुसऱ्यांदा आली चौथ्या वर्षी, ऑगस्टच्या शेवटी. नऊच्या नऊ ठोंबांवर धुक्यासारखे तुरे आले होते. संध्याकाळी पायरीवर बसलो होतो, वारा पडला होता. आई एकदम उठून स्वयंपाकघरात गेली. गॅस बंद होता. परत आली.

"धणे कोण भाजतंय?"

मी तुऱ्याकडे बोट दाखवलं. इथल्या बऱ्याच लोकांना हा वास लोणी घातलेल्या पॉपकॉर्नचा वाटतो. आईने एक तुरा दोन बोटांत चुरगळून नाकाशी धरला, बराच वेळ धरला. मग म्हणाली, "धणेच. पण किंचित करपलेले." त्यानंतर गवताच्या किमतीबद्दल ती काही बोलली नाही.

हिवाळाभर ते तांबूस-सोनेरी होऊन बर्फात उभं असतं. कापायचं ते मार्चच्या आसपास, नवे कोंब यायच्या आत. पूर्वी हे माळ वणव्याने साफ व्हायचे. मूळचे रहिवासी मुद्दाम पेटवायचे. इथल्या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानाने 1962 पासून पुन्हा उभ्या केलेल्या प्रेअरीतही ठरावीक काळाने आग लावतात. माझ्या नऊ ठोंबांना लागून लाकडी कुंपण आहे, त्यामुळे मी कात्री घेते. आधी सुतळीने प्रत्येक ठोंब अंबाड्यासारखा आवळून बांधायचा, मग तळाशी तीन इंच ठेवून कापायचा. पेंढी अख्खी हातात येते, अंगणभर काड्या होत नाहीत. ही युक्ती आईची, कडबा बांधणाऱ्या हातांची.

यंदा कापत होते तेव्हा फोनवर तीच होती. तिच्याकडे होळी पेटली होती, मागे बोंबा ऐकू येत होत्या.

"तुझं बारा डॉलरचं कापलंस का?"

"सातवा ठोंब चाललाय."

"बांधून काप," ती म्हणाली, आणि नैवेद्य दाखवायला गेली.