सिलिंडरवरचा आकडा आणि रायफलीला मानवणारा दाब

माझ्या सरावाच्या पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणार्‍या, रायफलीच्या सिलिंडरवर 200 बार असा कमाल दाबाचा आकडा कोरलेला आहे, आणि पहिले दोन महिने मी ती हातपंपाने घाम गाळत नेमकी 200 बारपर्यंतच भरत असे. प्रत्येक वेळी सुरुवातीचे आठ-दहा छर्रे टारगेटवर खाली लागत आणि नंतर छर्‍यांचा गट आपोआप वर सरकत जाई. मी आधी स्वतःच्या श्वासाला आणि मग ट्रिगरवरच्या बोटाला दोष दिला. क्लबमधल्या एका ज्येष्ठ नेमबाजाने मात्र काही न बोलता छर्‍याचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ माझ्यापुढे आणून ठेवला.

200 बारला पहिल्या छर्‍याचा वेग 161 मीटर प्रतिसेकंद निघाला. दाब 165 बारपर्यंत उतरला तेव्हा तो 174 च्या आसपास स्थिरावला, पुढे 110 बारपर्यंत जेमतेम दोन-तीन मीटरने हलला आणि त्यानंतर घसरू लागला. दाब जास्त असताना वेग कमी का, हे रायफलीची रचना पाहिली की उलगडते. ट्रिगर ओढल्यावर स्प्रिंगच्या जोरावर धावणारा हॅमर व्हॉल्व्हवर आदळून तो क्षणभर उघडतो. पण सिलिंडरमधली हवाच त्या व्हॉल्व्हला बंद बाजूला रेटत असल्यामुळे दाब जितका जास्त, तितका तो कमी उघडतो आणि लवकर मिटतो. दाब उतरत गेला की व्हॉल्व्ह थोडा जास्त वेळ उघडा राहतो, म्हणजे हवेचा जोर कमी होतो पण तिचे प्रमाण वाढते, आणि मधल्या एका पट्ट्यात ही वजाबाकी-बेरीज जवळपास बरोबरीत सुटते. दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर नसलेल्या रायफलीत हवा भरायची ती या पट्ट्यासाठी. 161 आणि 174 यांतला फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण 10 मीटरवर त्याने छर्रा अडीच-तीन मिलिमीटर खाली जातो, आणि एअर रायफलच्या टारगेटवर दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असून पुढची प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटर रुंद असते. म्हणजे माझी एक अख्खी रिंग पंप मारण्याच्या हौसेपायी जात होती.

आपला पट्टा शोधायला एक दुपार आणि एकाच डब्यातले छर्रे पुरतात. कोरलेल्या कमाल दाबापर्यंत (त्याच्या पुढे कधीही नाही) भरून दर पाच छर्‍यांनी वेग आणि दाब वहीत लिहीत जावे आणि वेग जिथे सपाट होतो व जिथे ढळतो ते दोन आकडे अधोरेखित करावेत. रायफलीवरचे बटणाएवढे गेज पाच-दहा बारने सहज चुकते. म्हणून भरताना नेहमी पंपाचे एकच गेज पाहावे, ते खोटे असले तरी रोज सारखेच खोटे असते.

स्पर्धेच्या रायफलींत रेग्युलेटर असतो. तो पुढच्या छोट्या कप्प्यात ठरावीक दाबाचीच हवा सोडतो, त्यामुळे सिलिंडर 200 वर आहे की 150 वर याने छर्‍याचा वेग बदलत नाही. तिथे फक्त साइटिंगचे (सामन्याआधी नेम जुळवण्याचे) आणि सामन्याचे 60 छर्रे संपेपर्यंत दाब रेग्युलेटरच्या मर्यादेखाली जाणार नाही एवढे पाहायचे. सिलिंडर उत्पादकाने दिलेल्या मुदतीत आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नेमबाजाचीच असते.

तापमानाचा हिशेब मी उशिरा शिकलो. मे महिन्यात पुण्यात दुपारी 40 अंशांत 165 बार भरलेली रायफल 20 अंशांच्या वातानुकूलित रेंजवर नेली, की एकही छर्रा न उडवता काटा सुमारे दहा बारने खाली येतो. भरभर पंप मारला तरी हवा तापते, म्हणून मी मध्ये थांबून सिलिंडर निवू देतो. पावसाळ्यात हवेतली ओल पंपातून थेट सिलिंडरमध्ये जाते आणि आतून गंज धरतो, त्यामुळे फिल्टरमधले सिलिका जेलचे दाणे बदलणे टाळत नाही. ऑक्सिजनचे सिलिंडर जोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याच्यापासून दूर उभे राहावे. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की स्फोट होतो.

आता पंपाच्या गेजवर 165 पाशी बायकोच्या लाल नेलपॉलिशची एक रेघ आहे आणि रायफलीच्या गेजवर 110 पाशी दुसरी. पंपाचे तीसेक दट्टे वाचतात, हा वरचा फायदा.